प्लससरांचं उघडं अवतरण

सरांचा आवाज काढायचा तर आधी हनुवटी गळ्याकडे ओढायची. मग नाकातून थोडी हवा सोडायची, समोरच्याने शर्ट उलटा घातलाय आणि आपल्याला तो दिसलाय पण सांगायचं नाही अशी. मग बोलायचं. आणि प्रत्येक दमाच्या शेवटी शब्द एकच. “आज आपण आलेख काढणार आहोत आणि…” थांबायचं. खिडकीबाहेर बघायचं. “तो तुम्ही काढणार आहात, मी नाही, आणि…” परत थांबायचं. चष्मा पुसायचा. तोवर वर्ग आ वासून बसलेला.

हा आवाज मी कॉलेजात इतका काढलाय की एकदा घरी आईने जेवायला हाक मारली तर मी म्हणालो, “आलो, आणि…” आईने उलथनं दाखवलं. पुढचं वाक्य मी गिळलं.

सर पेडण्याला आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. त्यातच आर. आर म्हणजे आकडेमोड करायची, आलेख काढायची संगणकाची भाषा. नाव एका अक्षराचं, पण नखरे लग्नातल्या वरमाईसारखे. तुम्ही ओळ लिहून एंटर मारलात की ती बघते, वाक्य पुरं झालं काय? झालं असेल तर लगेच उत्तर देऊन मोकळी. नसेल, म्हणजे कुठे कंस उघडा राहिलाय, अवतरण उघडं राहिलंय, किंवा ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह लटकतंय, तर खालच्या ओळीच्या तोंडाशी ती स्वतःच एक + काढून देते आणि गप्प बसते. म्हणजे, बोला, ऐकतेय. पण तेच अधिकचं चिन्ह तुम्ही शेवटी न ठेवता पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घातलंत तर काम संपलं. वरची ओळ पुरी झाली समजून ती उत्तर देऊन बसलेली असते. खालची ओळ मग अनाथ.

सर फळ्यावर टिचकी मारायचे. “अजून सांगायचंय, हे ओळ सोडायच्या आधी सांगा. सोडल्यावर ओरडून कोण थांबतं? म्हापशाची बस थांबते? आणि…”

आता कळलं ना, ते ‘आणि’ कुठून आलं? माणूस तीस-पस्तीस वर्षं गणितात राहिला की आकड्यांत बोलायला लागतो म्हणतात. आमचे सर ओळी मोडून बोलायला लागलेले. त्यांच्या तोंडात अर्धं वाक्य असताना उठून गेलात तर रागवायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटलात की तिथूनच पुढे सुरू. एकदा कॅन्टीनवाल्याला सोमवारी म्हणाले, “चहा द्या आणि…” तेवढ्यात घंटा झाली, गेले. मंगळवारी काउंटरवर येऊन म्हणाले, “…साखर कमी.” कॅन्टीनवाला आठवडाभर विचार करत होता.

नाव प्लससर पडलं ते असं. कुणी पाडलं विचारू नका. मी बाकी कशातच पहिला आलेलो नाही.

एकदा मी बाकावर उभा राहून त्यांचा आवाज काढत होतो. पोरं हसायची थांबली तेव्हा मला कळलं की दारात कोण आहे. सर आत आले, हजेरीचं पुस्तक ठेवलं, आणि म्हणाले, “‘आणि’नंतर तू श्वास घेतोस. मी घेत नाही. आधीच घेऊन ठेवतो. परत कर बघू, आणि…” मला त्यांच्यासमोर तीनदा त्यांचा आवाज काढावा लागला. तिसऱ्या वेळी मान हलवून म्हणाले, “आता बरं.” एवढी शाबासकी मला सांख्यिकीत कधी मिळाली नाही.

त्यांचा खरा राग एल्सवर. आरमध्ये ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ असं लिहायचं असतं. त्यातलं ‘असेल तर’ म्हणजे इफ, ‘नाहीतर’ म्हणजे एल्स. ते आधीच्या बंद होणाऱ्या कंसाला खेटूनच आलं पाहिजे. नव्या ओळीवर एकटं टाकलंत की आर ओळखच देत नाही. हे आम्हाला कसं समजावलं ऐका. दोन मुली वर्गाला उशिरा आल्या. पहिली आत शिरली आणि सवयीने मागे दार लावून घेतलं. दुसरी बाहेर. सरांनी हातातला खडू टाकला.

“हेच! इफ आत आली, कंस बंद करून बसली. आता ही एल्स बिचारी बाहेर एकटी उभी. आर विचारणार, कोण गं तू, आणि…”

दाराआडून बारीक आवाज आला, “सर, मी सुलभा.”

कॉलेज संपेपर्यंत सुलभाला सगळे एल्स म्हणत. तिच्या लग्नाच्या आहेरावर मी तेच लिहून पाठवणार होतो, पण नवरा पोलिसात आहे असं कळलं.

अवतरणाचा मात्र सरांनी धर्मच केलेला. ‘जोडी आधी, मजकूर मग.’ म्हणजे दोन्ही बाजूंची चिन्हं आधी लिहायची, मग बाण मारून मागे यायचं आणि आत शिरायचं. उघडून ठेवून मग लिहू, शेवटी बंद करू, हे त्यांना चालायचं नाही. “शेवटपर्यंत तू जिवंत राहशील हे कोणी सांगितलं?” असं तोंडावर विचारायचे. आणि अवतरणात एकदा पाऊल टाकलं की आत पडेल ते सगळं मजकूर. ओळ मोडलीत तर ती मोडलेली ओळही मजकूर. दिसायला बरं म्हणून डावीकडे सोडलेली मोकळी जागा, तीही मजकूर. मी एकदा स्नेहसंमेलनाचं निमंत्रण आरमध्ये छापायला घेतलं. लिहिताना चार ओळी कशा छान सरकवून, रांगेत लावलेल्या. बाहेर आलं ते फेणी घेतल्यासारखं, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा जास्त झुकलेली. सर शांतपणे म्हणाले, “चपला तू बाहेर काढल्यास. मोरजीची वाळू मात्र पायाला लावून घरात आणलीस.”

असा माणूस. शाळेतल्या पोरासारखे दोन्ही चपला जुळवून ठेवणारा. पेनाला टोपण लावल्याशिवाय उत्तर न देणारा. फक्त मोटरसायकलवर बसले की हेल्मेटचा पट्टा कायम लोंबता. ते एवढं एकच मला कधी जुळलं नाही.

आता गावातले सर सांगतो.

सर आमच्याच गावचे, हळर्णच्या अलीकडचे. आमच्या देवळाच्या उत्सवात गावच्या माणसांचं नाटक होतं. घरात सगळे आपल्या बोलीत भांडणार, पण स्टेजवर चढले की शुद्ध मराठी, महाराज आणि सरदार. पूर्वी नाटकं पहाटेपर्यंत चालायची. आता दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून संध्याकाळच्या आरतीनंतर लगेच पडदा. आणि विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर संहिता, हातात बॅटरी घेऊन आमचे सर. प्रॉम्प्टर.

त्यांचा प्रॉम्प्टिंगचाही नियम होता. नट थांबला म्हणजे विसरला असं नाही. वाक्य मोडलं तरच द्यायचं. आमचे राजे म्हणजे सगुणभाई, काजूचे व्यापारी. दरबारात बसायला अंग भरदार, फक्त पाठांतर कच्चं. एका वर्षी सिंहासनावर बसून म्हणाले, “ही भूमी आमची आहे आणि…” आणि थांबले. विंगेत सरही थांबले. लोक थांबले. देवळाबाहेर चणेवालासुद्धा पुडी बांधायचा थांबला. राजा गहन विचारात आहे असं वाटून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आत येऊन सगुणभाई घामाघूम.

“सर, तुमी माका वाक्य देवक नाय कित्याक?”

“तुम्ही ‘आणि’वर थांबला होता,” सर म्हणाले. “मला वाटलं, पुढचं येतंय.”

सगुणभाईंच्या समोर सरदार म्हणून उभे राहायचे उत्तमबाब. ते पायलट. विमानाचे नव्हेत, मोटरसायकलवर मागे माणूस बसवून नेणारे, आमच्याकडे त्यांनाच पायलट म्हणतात. अंगाने काडी, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. ह्या दोघांचा शेवटच्या अंकातला सामना बघायला लोक हरमलहून यायचे. आणि ह्या दोघांचंच फाटलं. तालमीत सगुणभाई म्हणाले, सरदाराचं काम वर्षागणिक फुगतंय, ते कापा. उत्तमबाब म्हणाले, राजाला पाठ होत नाही म्हणून माझं कापता? लाकडी तलवार खाली टाकून ते निघून गेले, आणि त्या वर्षी गावात पहिल्यांदाच नाटक झालं नाही.

उत्सवाच्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी मांडवाकडून येत होतो. स्टेज रिकामं, पडदासुद्धा बांधलेला नाही. आणि विंग जिथे असते तिथे खुर्ची टाकून सर बसलेले. हातात बॅटरी. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. तसाच मागच्या वाटेने घरी गेलो.

पुढचं वर्ष आलं तरी दोघांचं बोलणं नाही. सगुणभाईंच्या घरचे पेडण्याला जायला दुसरा पायलट बघायचे, उत्तमबाब आपले काजू विकायला थेट डिचोलीला जायचे. देवस्थान समितीचे दादा वैतागले. “ह्या वर्सा दोघां एकत्र उभी रवतत काय नाय, ता आयतवारी सांगा. नायतर मी दशावतारी कंपनी सांगतंय. गावचा नाटक कायमचा बंद.” दादा उगाच बोलणारे नव्हेत. कंपनी एकदा यायला लागली की गावची माणसं परत तोंडाला रंग लावत नाहीत, हे आम्ही शेजारच्या गावात बघितलेलं.

तेव्हा सर पुढे झाले. म्हणाले, भांडण मोठं कुणाचं काम ह्याचंच आहे ना? मग मोजू. अख्खं नाटक संगणकात घालू, कोण किती शब्द बोलतो त्याचा आलेख काढू, आणि आयतवारी सगळ्यांसमोर भिंतीवर दाखवू. आलेख कुणाचा काका नसतो, आणि…

दोघेही कबूल झाले. दोघांनाही खात्री, आलेखात दुसऱ्याचा खांब उंच निघणार.

टंकायला आम्ही विद्यार्थी. एका बाजूला पात्राचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं बोलणं. ज्याचं बोलणं एका ओळीत मावत नाही तेवढंच अवतरणात घालायचं, म्हणजे ओळ मोडली तरी आरला कळतं की हा अजून तोच माणूस बोलतोय. पहिले दोन अंक आम्ही केले. सरांनी प्रत्येक अवतरणावर बोट ठेवून जोडी तपासली. तिसरा अंक मात्र म्हणाले, “मी घरी करतो, आणि…” ह्या वेळी पुढचं काही आलं नाही.

आयतवारी दुपारी सभामंडपात निम्मा गाव. सगुणभाई एका खांबाला टेकून, उत्तमबाब समोरच्या खांबाला. मध्ये कॉलेजचा प्रोजेक्टर, सर, आणि वायरी धरायला मी. पात्रांची नावं कुणालाच माहीत नाहीत असं नव्हतं, पण सर ती वाचून दाखवत बसले, राजा, राणी, सरदार, प्रधान, शिपाई. मग कळ दाबली. भिंतीवर खांब उभे राहिले.

सगळ्यांत उंच खांब शिपायाचा.

शिपाई म्हणजे आमचे गुणोकाका. म्हापसा गाडीवर कंडक्टर. नाटकात त्यांना दोनच ओळी, त्याही तिसऱ्या अंकात. “महाराज, सीमेवरून दूत आला आहे. त्याला आत सोडू का?” ते असं म्हणतात की दूत बसच्या मागच्या दाराने चढून पुढे सरकेल असं वाटतं. त्यांचा खांब राजाच्या वर, सरदाराच्या वर, थेट देवळाच्या तुळईला टेकायला निघालेला.

सभामंडपातल्या सगळ्या माना वर गेल्या. मग गुणोकाका उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. “माका काय एक खबर नाय हां! मी गाडी लावून सरळ हय इलंय!”

मग हशा उसळला. त्यात दोन माणसं हसली नाहीत.

“शिपाय राजापेक्षा मोठो?” सगुणभाई खांब सोडून पुढे आले. “खंयचो न्याय ह्यो, सर?”

“आणि माझो खांब खंय गेलो?” तिकडून उत्तमबाब. “तुमच्या मशिनीक नाटक म्हणजे काय ता तरी कळता?”

“तसा विचार त्यांका!” सगुणभाई म्हणाले. कुणाला म्हणाले? उत्तमबाबांना. वर्षभरात पहिल्यांदा.

मी वायर सोडून सरांच्या लॅपटॉपवर वाकलो. आलेख भिंतीवर होता, पण लॅपटॉपच्या पडद्यावर, खालच्या बाजूला, आरने तांबड्या अक्षरांत एक ओळ टाकलेली. तिचा अर्थ आम्हाला सरांनीच शिकवलेला. फाईल संपली, अवतरण संपलं नाही. झालं होतं ते एवढंच. शिपायाच्या दोन ओळींना सुरुवातीला अवतरण होतं, शेवटी नव्हतं. त्यामुळे त्याच्या पुढे फाईलच्या टोकापर्यंत जे आलं, म्हणजे राजा-सरदाराचा तो अख्खा सामना, एकेका ओळीची ती सगळी सवालजबाबी, आरने शिपायाच्या पोटात घातलेली. एक चिन्ह टाकलं असतं तर खांब जागेवर आले असते.

“सर,” मी म्हणालो, “अवतरण…”

सरांनी लॅपटॉप अर्धा मिटला. तांबडी ओळ झाकली गेली. माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, “थांब. वाक्य पुरं होऊ दे.”

समोर सगुणभाई भिंतीवरच्या खांबाकडे बोट दाखवत होते. “‘सरदार, तुमची तलवार आज म्यानात का?’ ह्या शिपाय म्हणता? ह्या मी म्हणतंय!”

“आणि त्याच्या फुडला?” उत्तमबाबांनी छाती काढली. “‘महाराज, ती तुमच्या शब्दाची वाट पाहते आहे!’ ह्या काय बसच्या दारात उभो रवान म्हणतत?”

“‘शब्द आम्ही दिला होता!’”

“‘आणि मोडलाही आपणच!’”

हे शेवटचं उत्तमबाब जसं म्हणाले, तशी मागची माणसं उभी राहिली. सगुणभाई एक पाऊल मागे सरले, नाटकात सरतात तसेच. आणि मग कोणी कोणाला काय सिद्ध करून दाखवतोय ते दोघेही विसरले. सिंहासन नाही, तलवार नाही, एकाच्या अंगात बनियन, दुसऱ्याच्या कानावर विडी. सामना पुरा झाला. एका ठिकाणी सगुणभाई अडकले. मी सरांकडे बघितलं. सर ओठ घट्ट मिटून बसलेले. वाक्य दिलं ते उत्तमबाबांनी, हळूच, दाढीआडून. सगुणभाईंनी ते उचललं आणि पुढे गेले.

संपलं तेव्हा पहिली टाळी दादांची. “तालीम खंयच्या दिसापासून?” एवढंच त्यांनी विचारलं. गुणोकाका म्हणाले, “मगे माझो खांब?” दोघा वीरांनी एकाच वेळी त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर सरांची जी चेष्टा झाली ती पेडणे तालुक्यात आजवर कुणाची झाली नसेल. पाववाला विचारायचा, “सर, आज पाव मोजून दिवं, काय तुमची मशीन मोजतली?” गुणोकाका भर बसमध्ये ओरडायचे, “सरांक जागा दिया रे, माका राजा केल्यानी त्यांनी!” कॉलेजात बातमी गेली. पोरं फळ्यावर उंच खांब काढून ठेवायची. ज्या माणसाने आयुष्यात कधी पेन उघडं ठेवलं नाही, तो सगळीकडे मान खाली घालून म्हणायचा, “चूक माझी. अवतरण उघडं राहिलं.” मागे ‘आणि’ नाही. पूर्णविराम.

मला झोंबायचं ते हेच. जोडी आधी, मजकूर मग, हे आमच्या हाडांत घालणारा माणूस, आणि नेमकं त्या एका ठिकाणी विसरला? नेमका तोच अंक घरी नेऊन? पण मग हेल्मेटचा तो लोंबता पट्टा आठवायचा आणि वाटायचं, विसरलाही असेल बाबा. माणूसच तो.

तालमी जोरात झाल्या. इतक्या की उत्सवाच्या दिवशी सरांचा घसाच बसला. आवाज म्हणून नाही, नुसती हवा. दादांनी शाळेतल्या गुरुजींना विंगेत बसवून बघितलं. गुरुजी चांगले स्पष्ट वाक्य देत होते, पण सगुणभाईंना ऐकूच येईना. इतक्या वर्षांत त्यांचा कान त्या एकाच आवाजाला उघडायचा. सरांनी मला खुणेने बोलावलं. संहिता माझ्या मांडीवर ठेवली. आपल्या गळ्याला हात लावला, मग तेच बोट माझ्या गळ्याकडे केलं.

मी हनुवटी ओढली. नाकातून थोडी हवा सोडली. श्वास आधीच घेऊन ठेवला.

पहिलं वाक्य मी दिलं तसं सगुणभाईंनी चमकून विंगेकडे बघितलं, आणि मग त्यांची कळी खुलली. सगळं नाटक मी सरांच्या आवाजात दिलं. सर शेजारी दुसऱ्या खुर्चीवर, बॅटरी त्यांनीच धरलेली. मी घाई करून पुढचं वाक्य द्यायला गेलो की प्रकाश कागदावरून काढून घ्यायचे. नट थांबलाय, विसरलेला नाही. थांब.

तिसऱ्या अंकाला गुणोकाका दूताला आत सोडून आले. बाहेर सामना सुरू झाला. तो दोघांना पाठ होता, मला काम नव्हतं. मी सरांच्या कानाशी लागलो आणि कित्येक आठवडे पोटात ठेवलेलं विचारलं. “सर, ते अवतरण तुम्ही मुद्दाम उघडं ठेवलेलं काय?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. आवाज तर नव्हताच. त्यांनी डाव्या हाताचं बोट उभं धरलं, आणि बॅटरी धरलेल्या उजव्या हाताचं बोट त्यावर आडवं ठेवलं. प्रकाश हलला आणि आमच्यामागच्या कनातीवर मोठ्ठं अधिकचं चिन्ह पडलं.

तेवढ्यात बाहेर टाळ्या झाल्या. पडदा ओढायला कोणी नव्हतं, सर धावले.

पुढे ते निवृत्त झाले, मुलीकडे डिचोलीला राहायला गेले. उत्सवाला यायचे, माझ्या शेजारी बसायचे, बॅटरी धरायचे. तो विषय मी परत काढला नाही. आपल्याला वाटतं, वेळ आहे. गेल्या वर्षी सर गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पर्वरीला ऑफिसात होतो, समोर आर उघडं होतं, काहीतरी अर्धं लिहिलेलं. फोन ठेवला तर पडद्यावर खालच्या ओळीत + येऊन थांबलेलं.

उत्सवाला विंगेत आता मीच. सगुणभाई थकलेत, जास्त विसरतात. अर्धी वाक्यं दाढीआडून उत्तमबाबच देतात. उरलेली मी देतो, त्याच आवाजात, कारण दुसरा त्यांना ऐकू येत नाही. शेजारची खुर्ची कोणी उचलत नाही.

अशा अर्ध्या राहिलेल्या + पुढून सुटायला आरमध्ये एक कळ आहे. एस्केप. दाबली की अर्धं वाक्य सोडून भाषा परत नव्याने तयार. हेही सरांनीच शिकवलेलं. त्या एका + पुढे मी ती दाबलेली नाही.